कोयनेचे दरवाजे तत्त्वज्ञाच्या हाती द्यावेत का?

निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या भागात कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "असल्यांच्या हातात राज्य देण्यापेक्षा शिकल्यासवरल्या माणसांकडं द्या." बोलणारा कराडचा असो की तासगावचा, इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. फाटे पुढं फुटतात. एक म्हणतो शास्त्रज्ञ आणा, आकडे बघून निर्णय घेतील. दुसरा म्हणतो धर्म जाणणारा माणूस पाहिजे, त्याला निदान पापाची भीती असते. तत्त्वज्ञाचं नाव सहसा कुणी घेत नाही. खरं तर या तिघांत सगळ्यात तपशीलवार दावा त्याचाच आहे, आणि तो जुनाही आहे.

तो दावा सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्समध्ये प्लेटोनं मांडला, आणि त्यामागं नुसता विचार नव्हता, जखम होती. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टाविरुद्धचं युद्ध हरलं आणि तीस जणांच्या टोळीनं सत्ता बळकावली. त्यांनी विरोधक शोधून शोधून मारले. त्या तिसांचा म्होरक्या क्रिटियस हा प्लेटोच्या आईच्या नात्यातला. वर्षभरात लोकशाही परत आली, आणि त्याच लोकशाहीच्या न्यायसभेनं इ.स.पू. ३९९ मध्ये प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस याला बहुमतानं मृत्यूची शिक्षा दिली. बड्या घरच्यांचं राज्य बघून झालं, लोकांचं राज्य बघून झालं. दोन्हीकडं माणसं मेली. मग 'रिपब्लिक' या ग्रंथात त्यानं लिहिलं, की तत्त्वज्ञ राजे होत नाहीत किंवा राजे मनापासून तत्त्वज्ञान करत नाहीत, तोवर राज्यांच्या मागची पीडा संपणार नाही.

त्याचा युक्तिवाद समजायला त्यानंच दिलेला जहाजाचा दृष्टान्त पुरतो. जहाजाचा मालक अंगानं दांडगा, पण कानानं बहिरा आणि नजरेनं अधू. खलाशी सुकाणूसाठी एकमेकांचे गळे धरतात. जहाज हाकायची विद्या त्यांच्यातल्या एकानंही शिकलेली नाही, उलट ती शिकण्यासारखी गोष्टच नाही असं ते ठासून सांगतात. मालकाला जो पटवील किंवा गुंगवील तो सुकाणूवर बसतो. तारे, वारे, ऋतू यांचा अभ्यास केलेला माणूस मात्र सगळ्यांना आभाळाकडं बघत बसणारा बिनकामाचा वाटतो. मालक म्हणजे जनता, खलाशी म्हणजे पुढारी. कुठल्याही जिल्हा परिषदेच्या निवडणुकीनंतर हे वाचलं तर प्लेटो आपल्याच तालुक्यातला वाटायला लागतो.

त्याचा तत्त्वज्ञ म्हणजे पुस्तकातला किडा नव्हे. निवडलेल्या मुलामुलींना (हो, मुलींनाही, आणि हे त्या काळात!) आधी व्यायाम आणि संगीत. विशीपासून तिशीपर्यंत गणित, भूमिती, खगोल. मग पाच वर्षं वादविवादाची, म्हणजे कुठल्याही मताच्या मुळाशी जाण्याची तालीम. त्यानंतर पंधरा वर्षं प्रत्यक्ष कारभारात आणि लष्करात खस्ता. पन्नाशी उलटल्यावर राज्य. स्वतःची जमीन नाही, सोनंनाणं नाही, स्वतःचं असं कुटुंबही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची अट अशी, की त्याला राज्य करायची हौस नसली पाहिजे. हौस असलेला माणूसच धोकादायक, हे प्लेटोचं म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं. अडचण एवढीच की उमेदवारी अर्ज हौस असलेलेच भरतात.

हा प्रयोग त्यानं करूनही बघितला. सिसिली बेटावर सिराक्यूज नावाचं बलाढ्य राज्य होतं. तिथल्या नव्या तरुण राजाला, दुसऱ्या डायोनिसियसला, तत्त्वज्ञानाची गोडी लावावी म्हणून डिऑन या शिष्यानं प्लेटोला बोलावून घेतलं. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क लिहितो की राजवाड्यात भूमितीचं असं वेड शिरलं, की आकृत्या काढण्यासाठी पसरलेल्या धुळीनं दालनं भरून गेली. वेड लवकरच ओसरलं. राजाला डिऑनचा संशय आला, त्यानं त्याला हद्दपार केलं. प्लेटो पुन्हा एकदा गेला, तेव्हा जवळजवळ कैदेत अडकला आणि मित्राच्या मध्यस्थीनं कसाबसा सुटला. पुढं डिऑननं फौज आणून सत्ता घेतली. प्लेटोच्या सहवासात वाढलेला हा माणूस. त्यानंही आपल्या प्रतिस्पर्ध्याचा खून होऊ दिला, आणि इ.स.पू. ३५४ मध्ये स्वतःही मारेकऱ्यांच्या हातून मेला. तत्त्वज्ञ-राजाची पहिली खरी चाचणी ही अशी संपली.

खरोखर तत्त्वज्ञ म्हणावा असा सम्राट शोधायचा तर रोमचा मार्कस ऑरेलियस. इ.स. १६१ ते १८० राज्य केलं, साथीचे रोग आणि सरहद्दीवरच्या लढाया झेलल्या, छावणीत बसून स्वतःला उपदेश करणारी टिपणं लिहिली. राजा बरा होता. पण गादी दिली मुलाला, कॉमोडसला, आणि त्यानं आखाड्यात ग्लॅडिएटर म्हणून उतरण्यात धन्यता मानली. तत्त्वज्ञान रक्तातून पुढं जात नाही आणि गादी जाते. शहाणा राजा ही लॉटरी आहे, ती रोज लागत नाही.

आता शास्त्रज्ञांकडं येऊ, कारण आजच्या शिकलेल्या माणसाचा खरा कल तिकडंच आहे. विज्ञान जाणणाऱ्यांनी समाज चालवावा ही कल्पनाही जुनी. फ्रान्सिस बेकननं सतराव्या शतकात शोधकर्त्यांच्या संस्थेभोवती उभं असलेलं एक काल्पनिक बेट रंगवलं होतं. १९३० च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, अमेरिकेत अभियंत्यांच्या हाती कारभार द्या म्हणणारी चळवळच निघाली. ही कल्पना तपासायला मात्र अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. पाटण तालुक्यात जाऊन कोयना धरण बघितलं तरी पुरे.

समजा ऑगस्टचा पहिला आठवडा आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात पाणी झपाट्यानं येतंय. महाबळेश्वर, नवजा इथं संततधार. खाली सांगलीत लोक दर तासाला आयर्विन पुलाजवळची पातळी विचारताहेत: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. (२०१९ साली ती ५७ फुटांच्याही वर गेली होती, म्हणून ही घाबरगुंडी उगाच नाही.) धरणाचे वक्र दरवाजे किती उचलायचे?

जलशास्त्रज्ञ काय सांगू शकतो ते पाहा. आवक किती, विसर्ग किती केला तर कराडला पाणी किती तासांत पोचेल, सांगलीत पातळी किती इंचांनी वाढेल, पुढच्या पाच दिवसांत पावसाचा अंदाज काय. हे ज्ञान मोलाचं आहे, त्याच्यावाचून पान हलू नये. आता समजा त्यानं सांगितलं, की जुलैतच धरण बरंच रिकामं ठेवलं तर पुराची शक्यता घटेल, पण पाऊस पुढं रुसला तर धरण भरणार नाही. मग उन्हाळ्यात वीज कमी पडेल आणि टेंभू योजनेच्या पाण्यावर डाळिंब लावलेला आटपाडीचा शेतकरी कोरडा राहील. म्हणजे कृष्णाकाठच्या भिलवडीच्या घरात शिरणारं पाणी एका पारड्यात आणि आटपाडीच्या बागेत न पोचणारं पाणी दुसऱ्या पारड्यात. शंभरातले किती धोके कुणाच्या माथी मारायचे? हे गणित कुठल्याही संगणकाच्या प्रतिमानात नाही. प्रतिमान फक्त किंमत सांगतं. ती कुणी मोजावी हे सांगत नाही.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७३९ च्या सुमारास हीच फट दाखवून दिली होती. जग कसं आहे याची वाक्यं कितीही रचली, तरी त्यांतून आपण काय करावं हे वाक्य आपोआप निघत नाही. मधे कुठंतरी एक मूल्य घालावं लागतं. शास्त्रज्ञ राज्यकर्ता झाला तर तो हे मूल्य घालणारच, फक्त ते आकड्यांच्या पोटात दडलेलं असेल आणि आपल्याला वाटेल की विज्ञानच बोलतंय. ही गोष्ट मला उघड पक्षपातापेक्षा जास्त धोक्याची वाटते, कारण उघड पक्षपाताशी भांडता तरी येतं.

कोयनेच्याच पाण्यात याहून मोठं उदाहरण आहे. नदी पूर्वेला वाहते, पण वीजनिर्मितीसाठी तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कोकणात सोडलं जातं. कृष्णा पाणीवाटप लवादानं त्याला मर्यादा घातली ती ६७.५ टीएमसीची. म्हणजे तेवढं पाणी राज्याला वीज देऊन चिपळूणकडं उतरतं आणि माण, खटाव, जतच्या वाट्याला येत नाही. महाराष्ट्राच्या कारखान्यांना उजेड हवा की दुष्काळी तालुक्यांना पाणी हवं, याचं उत्तर टर्बाइनच्या कार्यक्षमतेत सापडत नाही. धरणासाठी ज्यांची गावं उठली त्या प्रकल्पग्रस्तांच्या तर पिढ्या या प्रश्नात गेल्या. आणि विज्ञान स्वतःही बदलत असतं. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीनं स्थिर मानलं जात होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं तेव्हा तो समज गेला. शास्त्रज्ञाला चूक कबूल करून पुढं जाता येतं, ही विज्ञानाची खरी ताकद. त्याच्या हातात सत्ता दिली की तीच ताकद आधी जाते. सोव्हिएत रशियात लिसेंको या कृषितज्ज्ञाच्या मागं स्टॅलिनची सत्ता उभी राहिली आणि आनुवंशशास्त्र म्हणजे देशद्रोह ठरलं. त्याचे विरोधक तुरुंगात गेले, थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलॉव्ह १९४३ मध्ये तिथंच मेला.

शास्त्र शिकलेले राज्यकर्ते चांगले निघतच नाहीत असं नाही. जर्मनीच्या अँगेला मर्केल यांनी क्वांटम रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली, सोळा वर्षं देश सांभाळला. पण त्या निवडून आल्या होत्या, प्रयोगशाळेतून नेमलेल्या नव्हत्या.

धर्मगुरूंच्या बाबतीत माझं म्हणणं थोडक्यात आहे. त्यांच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट म्हणजे लोकांचा विश्वास. तो कुठल्या प्राध्यापकाला मिळत नाही. अडचण अपिलाची आहे. मंत्र्याचा निर्णय चुकला म्हणता येतं. देवाच्या नावानं दिलेला निर्णय चुकला म्हटलं की म्हणणारा पाखंडी ठरतो. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर धर्मशास्त्र्याकडं अंतिम सत्ता देणारी घटना आली. तिथं निवडणुका होतात, पण कोण उभं राहू शकतं हे बारा जणांचं पालक मंडळ ठरवतं. गमतीचा भाग असा की ही रचना प्लेटोच्या राज्याच्या फार जवळ जाते: अंतिम सत्य जाणणारे थोडे, आणि त्यांच्यावर खऱ्या अर्थानं देखरेख करायला कुणी नाही. आपल्याकडचं चित्र वेगळं, पण त्यातही शिकण्यासारखं आहे. साताऱ्याजवळच्या धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा शाहू छत्रपती आणि बाजीराव पेशवे दोघांवरही प्रभाव होता. स्वामी आशीर्वाद देत आणि सरदारांना कर्जही देत. जंजिऱ्याच्या सिद्दीवरच्या मोहिमेसाठी त्यांनी केलेला पाठपुरावा प्रसिद्ध आहे. बाजीरावासारख्या पेशव्यालाही सावकार आणि गुरू एकच असल्यावर नाही म्हणणं किती सोपं गेलं असेल?

तर मग तत्त्वज्ञ. मूल्यांचा प्रश्न हाच त्याचा विषय, म्हणजे कोयनेच्या दरवाजाशी त्यालाच उभं करावं असं वाटू शकतं. इथं तीन गोष्टी आड येतात. पहिली, तत्त्वज्ञांचं आपसात पटत नाही. एक म्हणेल जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल ते करा, म्हणजे सांगली शहर वाचवा. दुसरा म्हणेल सगळ्यात दुबळ्याचं आधी बघा. तिसरा म्हणेल ज्याला विचारलंच नाही त्याचं घर बुडवायचा हक्क कुणालाच नाही. तिघांचंही म्हणणं सुसंगत आहे, आणि पाणी तर पहाटेपर्यंत पोचतंय. दुसरी, विचार खोल असला म्हणजे विवेक शाबूत असतो असं नाही. विसाव्या शतकातल्या मोठ्या तत्त्वज्ञांत गणला जाणारा मार्टिन हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला आणि त्याच वर्षी फ्रायबुर्ग विद्यापीठाचा प्रमुख झाला. तिसरी गोष्ट इमान्युएल कांटनं १७९५ मध्ये सांगितली आणि मला ती सगळ्यात वजनदार वाटते. राजांनी तत्त्वज्ञ व्हावं किंवा तत्त्वज्ञांनी राजे व्हावं अशी अपेक्षाही नको आणि इच्छाही नको, कारण हातात सत्ता आली की बुद्धीचा मोकळा न्याय बिघडतोच. राजानं एवढंच करावं, की तत्त्वज्ञाचं तोंड बंद करू नये.

कांट बोलला ते साताऱ्याच्या मातीत त्याच्या आधीच घडून गेलं होतं. माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पेशवाईचे न्यायाधीश होते. ३० ऑगस्ट १७७३ ला पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चौकशी रघुनाथरावांपर्यंत पोचली, आणि तेच तेव्हा पेशवे होते. याला देहान्त प्रायश्चित्तच आहे असं रामशास्त्र्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं आणि पद सोडून ते वाईजवळ जाऊन राहिले, ही हकीकत महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यांच्या हातात फौज नव्हती, शिक्षा अमलात आली नाही. पण एक सत्ताधीश खुनी ठरला आणि तो शिक्का कधी पुसला गेला नाही. आता हेच रामशास्त्री पेशवे असते तर? कर्ज, फौज, भाऊबंद सांभाळताना त्यांना तेच वाक्य उच्चारता आलं असतं का, याची मला शंका आहे.

अलीकडचं उदाहरण वाईचंच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, न्याय-वेदान्तात मुरलेले पंडित. अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्रांच्याच आधारानं युक्तिवाद उभे केले, पुढं मानवेंद्रनाथ रॉय यांच्या मानवतावादाकडं वळले. यशवंतराव चव्हाण हे देवराष्ट्र्याचे, रॉय यांच्या विचारांची ओढ त्यांनाही एके काळी होती. ते मुख्यमंत्री झाल्यावर १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळाचं अध्यक्षपद तर्कतीर्थांकडं आलं आणि वाईतून मराठी विश्वकोश उभा राहिला. सत्ताधाऱ्याला सल्ला मागावासा वाटेल इतके जवळ आणि सत्तेवाचून अडणार नाही इतके लांब, अशी ती जागा होती.

कार्ल पॉपर या तत्त्वज्ञानं १९४५ मध्ये प्लेटोवर हल्ला चढवला तो उत्तरावर नाही, प्रश्नावरच. राज्य कुणी करावं असं विचारलं की उत्तर 'सर्वांत चांगल्या माणसानं' असंच येणार, आणि मग सगळी शक्ती तो चांगला माणूस शोधण्यात जाणार. त्यापेक्षा विचारा, की वाईट किंवा अकुशल राज्यकर्ता आला तर तो फार नासाडी करण्याआधी, रक्त न सांडता, त्याला घालवता कसं येईल? या कसोटीवर कट्ट्यावरचा तो नावडता आमदार अचानक बरा दिसायला लागतो. पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येतं. पन्नाशीपर्यंत तालीम घेतलेल्या तत्त्वज्ञाला नाही बसवता येत. अरिस्टॉटलनंही गुरूला असंच टोकलं होतं: घर कसं झालंय हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला जास्त कळतं.

औंधच्या संस्थानात तर राजानंच हा प्रश्न बदलला. बहात्तर गावांचं, सातारा-सांगली-विजापूरकडं तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं ते राज्य. राजे भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक, कलासंग्राहक. किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलच्या माळावर १९१० मध्ये जागा देणारे तेच. प्लेटोला आवडला असता असा राजा. त्यांनी १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्यानं आणि मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याच्या मदतीनं, स्वतःचे अधिकार लोकांनी निवडलेल्या पंचायती आणि सभेकडं सोपवले. आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, वसली तीही त्याच काळात. शहाणपणाचा पुरावा म्हणून राज्य मागणारे पुष्कळ सापडतात, सोडणारा हा एक. अर्थात हेही राजाच्या मर्जीनंच झालं, आणि वर इंग्रज होतेच. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं.

तज्ज्ञ, मूल्य आणि लोक हे तिन्ही एकत्र कसे बसतात याचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला नमुना येरळा नदीवर आहे. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधायचं ठरवलं. नदीतली वाळू ठेकेदारांनी उपसायची की तिच्या पैशातून धरण बांधायचं, इथून भांडण सुरू झालं. आराखड्याला के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते होते. पाणी कुणाला, हा प्रश्न मात्र अभियंत्यांवर सोडला नाही. गावानं चर्चा करून ठरवलं की पाण्याचा हक्क जमिनीला नाही, माणसांना; ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही त्यालाही वाटा. न्यायाच्या तत्त्वज्ञानातली ही अव्वल दर्जाची मांडणी आहे, आणि ती ज्यांच्या शिवारात लागू होणार होती त्यांनीच केली.

दोन गावांत हे जमलं. खोऱ्याचं काय? आयर्विन पुलाखालून गेलेलं पाणी पुढं कर्नाटकात अलमट्टी धरणाला अडतं. तिथला फुगवटा सांगलीला बुडवतो की नाही, यावर पूरग्रस्त आणि तज्ज्ञ यांच्यात वाद चालूच आहे. पॉपरची कसोटी इथं लंगडी पडते, कारण अलमट्टीचे दरवाजे हलवणाऱ्या सरकारला सांगलीचा मतदार घरी बसवू शकत नाही आणि कोयनेबाबत तेच विजापूरच्या मतदाराचं. अशा वेळी आपण तिसऱ्याकडं गेलो: बचावत लवादानं (वर आलेला कृष्णा पाणीवाटप लवाद तो हाच) ७५ टक्के भरवशाच्या २०६० टीएमसी पाण्यातलं ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला आणि ८०० आंध्राला दिलं. ते न्यायाधीश निवडून आलेले नव्हते, शास्त्रज्ञ नव्हते, संतही नव्हते. एका तत्त्वज्ञाच्या जवळ जाणारं काम त्यांनी केलं, पण तिन्ही राज्यांचे वकील समोर उभे करून, लेखी कारणं देऊन आणि मुदत घालून. आणि त्या वाटपातही कुणी बलवडीसारखं विचारलं नव्हतं, की राज्याला मिळालेल्या ५६० टीएमसीत जतच्या बिनजमिनीच्या माणसाचा वाटा किती.